मदत हवी आहे: स्मार्ट मीटरवरून घर बंद असल्याचे कळते, नोंद कशी थांबवावी?

सुपारीबाग: गुहागर तालुक्यातील आमच्या घरी नुकताच स्मार्ट मीटर बसवला असून, गणपती आणि शिमगा वगळता ते घर बंदच असते. मीटर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवत असल्यामुळे घरात माणूस आहे की नाही, हे कोणालाही लांबून कळते. ही नोंद थांबवण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

खाडीकाठ: ‘कोणालाही’ म्हणजे नेमके कोणाला? जोडणी कोणाच्या नावावर आहे आणि नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कोणाचा आहे, हे आपण लिहिलेले नाही.

माडाची सावली: आम्ही ओटीवरच्या दिव्याला टायमर लावला आहे, त्यामुळे घर बंद असल्याची शंका येत नाही.

खाडीकाठ: रोज सातच्या ठोक्याला लागून दहाला विझणारा एकच दिवा त्या नोंदींत उलट उठून दिसेल, आणि वाडीला तर तसेही सगळे ठाऊक असते.

पंपवाला: नोंद मुळीच थांबवू नये. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार सौर तासांतला, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळेतला, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचा आहे. घरगुती जोडणीवरचा विहिरीचा पंप मी दुपारीच चालवतो.

ओहोटी: त्या सवलतीच्या हिशेबाला प्रत्येक वेळगटाची एकूण युनिटे पुरतात, अर्ध्या तासाच्या आलेखाची गरज नसते, मीटर या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या ठेवतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. तेव्हा हा आलेख कोण पाहतो आणि किती काळ जपून ठेवतो, हे लेखी विचारावे.

सुपारीबाग: जोडणी दिवंगत आजोबांच्या नावावर आहे. मोबाइल क्रमांक मात्र पूर्वी तेथे भाड्याने राहणाऱ्या गृहस्थांचा आहे. मागच्या शनिवारी आम्ही पोहोचलो, तर दुसऱ्याच दिवशी त्यांचा ‘गावी आलात वाटते’ असा फोन आला. हे आधी सांगण्यासारखे वाटले नाही.

खाडीकाठ: अहो, मग वाट तिथेच फुटली आहे! नोंदणीकृत क्रमांक ज्याचा, त्याला हा वापर मोबाइलवर पाहता येतो. वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात प्रथम तो क्रमांक बदलून घ्यावा आणि जोडणी वारसाच्या नावावर करण्याचा अर्जही त्याच फेरीत द्यावा. आलेखाचा प्रश्न ओहोटी म्हणतात तसा लेखी विचारता येईलच, परंतु आज तो पाहणारा माणूस आपल्या ओळखीचाच आहे.

पंपवाला: आपला पंप किती अश्वशक्तीचा आहे?

सुपारीबाग: सोमवारी कार्यालयात जातो. आमच्या विहिरीला पंप नाही, रहाट आहे.