बारा झेल, बारा टचडाउन: माइक व्रेबलला कोच कशाने बनवलं?

चार्ल्सकाठ (धागाकर्ता)

परवा बोस्टनजवळ एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. तिथे एकाने ठासून सांगितलं की खेळाडू म्हणून कोण किती अष्टपैलू होता याचा त्याच्या कोचिंगशी काडीचा संबंध नसतो. मला ते पटलं नाही, घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. माझ्या मते न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा माइक व्रेबल आज जसा कोच आहे, तो तसा घडला कारण खेळताना त्याने मैदानावरची कुठलीच जागा परकी मानली नाही.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्रिकेटमध्ये फलंदाजी करणारेच अकरा जण फील्डिंगलाही उतरतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू आपल्याकडे असताना एक अकरा, समोरच्याकडे गेला की दुसरे अकरा, आणि किक मारायची वेळ आली की तिसरेच. प्रत्येक गटाच्या बैठका वेगळ्या, कोच वेगळे.

व्रेबल लाइनबॅकर होता, म्हणजे बचावातला. समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, गाठायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं, हे त्याचं काम. पण न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये गोलरेषा एक-दोन यार्डांवर आली की तेव्हाचे कोच बिल बेलिचिक त्याला आक्रमणात टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) म्हणून पाठवायचे. त्याची जर्सी 50 नंबरची. त्या नंबरच्या खेळाडूला पास झेलायचा असेल तर आधी रेफरीला सांगावं लागतं आणि रेफरी ते जाहीर करतो. म्हणजे लपवाछपवी काहीच नाही, समोरच्या अकराही जणांना कळतं की आता हाही झेलू शकतो. तरीही सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) धरून कारकिर्दीत 12 झेल, आणि बाराच्या बारा टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार!

फेब्रुवारी 2004 चा कॅरोलायना पँथर्सविरुद्धचा सुपर बोल मी विद्यार्थी असताना पाच जणांच्या फ्लॅटमध्ये बघितला. खेळ तेव्हा निम्मासुद्धा कळत नव्हता. ज्याने मघाशी त्यांच्या क्वार्टरबॅकला दोनदा आडवं केलं होतं, तोच माणूस शेवटची तीन मिनिटंही उरली नसताना पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा पास झेलून टचडाउन करतो, एवढं मात्र कळलं. तेव्हापासून मी हा खेळ सोडलेला नाही.

आता कोच व्रेबल बघा. जानेवारी 2020, त्याचा तेव्हाचा संघ टेनेसी टायटन्स बाद फेरीत बाल्टिमोरच्या मैदानावर. डेरिक हेन्री, ज्याचं काम चेंडू घेऊन धावायचं, तो उडी मारून पास फेकतो आणि टचडाउन. पुढच्याच आठवड्यात कॅन्सस सिटीविरुद्ध डेनिस केली नावाचा जवळपास 145 किलोंचा टॅकल, ज्याने एरवी फक्त समोरच्यांना अडवायचं, तो टचडाउनचा पास झेलतो. हे बघताना मला 50 नंबरची जर्सीच आठवत होती.

नॅशव्हिलकर

लेख मनापासून लिहिलाय, पण तुम्ही आवडीला कारण समजताय. ते दोन्ही प्ले, म्हणजे चाली, आर्थर स्मिथच्या. आक्रमणाची सूत्रं त्याच्याकडे होती, व्रेबलकडे नाही. 2020 च्या मोसमानंतर स्मिथ अटलांटाला गेला आणि आमचं, टायटन्सचं, आक्रमण दर वर्षी बोथट होत गेलं. दोन्ही बाजू जाणणारा माणूस कोच होता ना? मग ती पोकळी त्याला का भरता आली नाही?

22 जानेवारी 2022 ची रात्र मी विसरू शकत नाही. 12 विजय, 5 पराभव, कॉन्फरन्समध्ये (लीगच्या आमच्या अर्ध्या भागात) पहिलं मानांकन, बाद फेरी घरच्या मैदानावर. आमच्या बचावाने सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक जो बरोला नऊ वेळा पाडलं. नऊ! आणि तरी 19-16 ने हरलो. आमचा क्वार्टरबॅक रायन टॅनेहिलने पहिल्याच प्लेला चेंडू त्यांच्या हातात दिला, मग आणखी दोनदा. 16-16 बरोबरी असताना चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, एक यार्ड हवा होता. हेन्रीला धाडलं, तो तिथेच अडला. ज्या माणसाने खेळाडू म्हणून एकेका यार्डावर बारा टचडाउन मिळवले, त्याच्या संघाला त्या रात्री एक यार्ड मिळाला नाही.

नंतर 2022 मध्ये सलग सात पराभव, 2023 मध्ये 17 पैकी 11, आणि जानेवारी 2024 मध्ये हकालपट्टी.

केतकी

अष्टपैलूपणाच कोच घडवत असेल तर सॅमी बॉचं काय झालं? 1943 मध्ये वॉशिंग्टनकडून खेळताना हा माणूस पासिंगमध्ये लीगमध्ये पहिला, पंटिंगमध्ये (चेंडू लाथेने लांब धाडण्यात) पहिला, आणि बचावात 11 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचे पास मधेच झेलून, तिथेही पहिला. तीन वेगळ्या कामांत एकाच मोसमात अव्वल! त्याच्याएवढा अष्टपैलू पुन्हा झाला नाही, असं मी तरी मानते. कोच म्हणून? न्यू यॉर्क टायटन्समध्ये 1960 ला 7 विजय, 7 पराभव, 1961 ला परत 7-7. 1964 मध्ये ह्यूस्टन ऑइलर्सबरोबर 4-10. संपलं.

(अवांतर: बॉचा 1940 चा पंटिंगचा विक्रम, सरासरी 51.4 यार्ड, ऐंशी वर्षांहून जास्त टिकला. तो 2022 मध्ये मोडला रायन स्टोनहाउसने, व्रेबलच्याच टायटन्सच्या पंटरने.)

चार्ल्सकाठ

केतकी, बॉचं उदाहरण जबरदस्त आहे, मान्य. पण मग टॉम लँड्री घ्या. न्यू यॉर्क जायंट्समध्ये बचावात खेळला, पंट मारले, 1952 मध्ये अडचणीच्या वेळी क्वार्टरबॅकसुद्धा झाला. पुढे डॅलस काउबॉइजचा कोच म्हणून 29 मोसम, त्यातले सलग 20 जिंकल्यापेक्षा कमी हरलेले.

केतकी

लँड्री 1954 आणि 55 मध्ये खेळता खेळताच बचावाचा कोचही होता. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग शिकलेला माणूस तो. समोरचा काय करणार याचं गणित मांडायची त्याला आवडच होती. त्याला घडवलं ते या अभ्यासाने. पंट कितीही मारले असते तरी ते डोकं नसतं तर काय उपयोग? एक उदाहरण तुमचं, एक माझं. यातून नियम निघत नाही.

शेवटचा_यार्ड

तुम्ही सगळे 2001 नंतरचा व्रेबल बघताय. त्याआधीची चार वर्षं कोणीच काढली नाहीत.

1997 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) तिसऱ्या फेरीत, 91 व्या क्रमांकावर पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला घेतला. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना बिग टेन या कॉलेज संघांच्या गटातला सर्वोत्तम डिफेन्सिव्ह लाइनमन (बचावाच्या पहिल्या रांगेतला खेळाडू) म्हणून दोनदा गौरवलेला पोरगा. पिट्सबर्गमध्ये चार मोसम काढले आणि एकाही सामन्यात सुरुवातीच्या अकरात नाव नाही. किकच्या वेळी मैदानभर पळायचं, कोणी दमलं की त्याच्या जागी जायचं. संधी आली तेव्हा मात्र सोडली नाही. जानेवारी 1998 च्या बाद फेरीत स्टीलर्स 7-6 असे जेमतेम पुढे असताना समोरचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला गाठून चेंडू उडवला तो यानेच. समोर होते पेट्रियट्स.

आता नॅशव्हिलकर ज्या 2021 च्या मोसमाबद्दल बोलतायत (जानेवारी 2022 ची बाद फेरी त्याचीच) तो बघा. दुखापतींमुळे टायटन्सला एका मोसमात 91 खेळाडू मैदानात उतरवावे लागले. संपाचं वर्ष सोडलं तर तोवर कोणत्याच संघावर इतके खेळाडू वापरायची वेळ आली नव्हती. हेन्री अर्धा मोसम बाहेर. तरी 12 विजय, आणि व्रेबल वर्षातला सर्वोत्तम कोच. मंगळवारी आलेल्या पोराला रविवारी उभं करायचं, तर त्या पोराच्या पोटात काय कालवतं ते माहीत असावं लागतं. ते टाइट एंड होऊन कळत नाही, बेंचवर चार वर्षं बसून कळतं.

नॅशव्हिलकर

शेवटचा_यार्ड, 91 खेळाडूंचा मुद्दा खरा आहे. त्या वर्षी आम्हाला दर आठवड्याला नवी नावं पाठ करावी लागायची, आणि ती नावं जिंकायचीसुद्धा. हे श्रेय मी नाकारत नाही.

चार्ल्सकाठ

माझंही मत जरा हललंय. पण एक गोष्ट बेंचच्या खात्यात जात नाही. 4 जानेवारी 2020 ला टायटन्स पेट्रियट्सच्या मैदानावर, फॉक्सबरोला, 14-13 ने पुढे होते, पंट मारायचा होता. व्रेबलने मुद्दाम नियमभंग करून दंड घेतला, मग आणखी एक, आणि घड्याळ पळत राहिलं. पेट्रियट्सकडूनही एक चूक झाली. पंट होईपर्यंत जवळपास दोन मिनिटं गेली होती. बेलिचिक बाजूला उभे राहून संतापले होते. खेळाच्या तिन्ही अंगांत मुरल्याशिवाय नियमातली अशी फट दिसत नाही.

केतकी

पण ही फट बेलिचिकनीच आधी वापरली होती! त्याच मोसमात, ऑक्टोबर 2019 मध्ये, जेट्सविरुद्ध 33-0 ने पुढे असताना. व्रेबलने ती बघितली आणि त्यांच्यावरच उलटवली. 2020 मध्ये लीगने नियम बदलून ती बुजवली. म्हणजे इथे अष्टपैलूपणा कुठे आहे? आठ वर्षं एका गुरूकडे डोळे उघडे ठेवून बसल्याचं हे फळ.

चार्ल्सकाठ

ऑक्टोबरचा तो सामना माझ्या लक्षातून गेला होता. हा मुद्दा सोडतो.

2025 चा मात्र सोडत नाही. दोन वर्षं 4-13 वर अडकलेले पेट्रियट्स त्याने पहिल्याच मोसमात 14-3 वर नेले, सुपर बोलपर्यंत. तिथे सिएटलकडून हरले, ते दुःख ताजं आहे. आल्या आल्या त्याने आक्रमण जॉश मॅकडॅनियल्सकडे सोपवलं. नॅशव्हिलकर, तुम्ही विचारलं होतं की स्मिथ गेल्यावरची पोकळी त्याला स्वतः का भरता आली नाही. मला वाटतं नॅशव्हिलमध्ये त्याला तेच शिकायला मिळालं. गोलरेषेपाशी गेलेल्याला एवढं पक्कं ठाऊक असतं की तिथे तो पाहुणा आहे, पास दुसऱ्याने फेकायचा आहे.

नॅशव्हिलकर

हे पटतंय, आणि म्हणूनच त्रास होतो. चौथ्या डाउनचा तो एक यार्ड आठवला की अजून वाटतं, हे शिकायला त्याला आमच्याकडेच आणखी दोन वर्षं द्यायला हवी होती.