दादाची कंबर आणि आजीची पाठ

ग्रुप: बडोदेकर मंडळी

वहिनी: नमस्कार मंडळी. काल सकाळी ह्यांची कंबर धरली. पाण्याचा २० लिटरचा जार डिस्पेन्सरवर चढवायला गेले आणि वाकले ते तसेच राहिले. कुणीतरी सुचवलं म्हणून संध्याकाळी लगेच एमआरआयही करून घेतला. रिपोर्टात एल-४, एल-५ला डिस्क बल्ज आणि डिजनरेशन लिहिलंय. ते वाचल्यापासून पलंगावरून उठायलाच तयार नाहीत. ऑपरेशन लागेल का, एवढंच सारखं विचारतायत. ताई, तू फिजिओथेरपिस्ट आहेस, मोकळी झालीस की बघ गं.

काका: ऑपरेशनच्या नादी लागू नका. पट्टा बांधा आणि फरशीवर चटई टाकून १५ दिवस पडून राहा. उशीसुद्धा नको. माझी कंबर तशीच बरी झाली होती.

आत्या: त्यापेक्षा माणिकरावांच्या आखाड्यात घेऊन जा. दांडिया बाजार काय लांब आहे? अण्णांचा खांदा निखळला होता तो तिथेच बसवला होता.

वहिनी: आत्याबाई, ह्यांना जिना उतरवत नाही हो.

ताई: माझ्याकडे पेशंट आले होते, आत्ता फोन बघितला. दादा, आधी मला नीट सांग. कळ कंबरेतच आहे की पायात उतरते? गुडघ्याखाली जाते का? टाचांवर आणि चवड्यांवर चार पावलं टाकून बघ, पाय लुळा पडतो का? लघवी अडते किंवा नकळत होते का? संडासच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं का? ताप?

दादा: यातलं काही नाही. उजवीकडे कंबरेत आहे फक्त. भिंत धरून टाचांवर चाललो, जमलं. पण कूस बदलली की जीव जातो.

ताई: मग घाबरू नकोस, आणि मुख्य म्हणजे पडून राहू नकोस. कंबरदुखीच्या १०० पैकी साधारण ९० जणांत ‘हा बघा बिघाड’ असं बोट ठेवून दाखवता येत नाही. स्नायूंवर, सांध्यांवर, त्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर ताण येतो आणि आजूबाजूचे स्नायू कडक होऊन बसतात. तू म्हणतोस ती जीव जाणारी कळ बहुतेक त्याचीच. बहुतेकांची ही कंबर ४ ते ६ आठवड्यांत निवळते, पहिले काही दिवस सगळ्यात वाईट.

दादा: आणि रिपोर्टात लिहिलंय ते?

ताई: ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा हजारो लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहिलेत. तो अभ्यास २०१५चा. विशीतल्या ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीचा फुगवटा होता, चाळिशीत ५० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के. डिजनरेशन, म्हणजे वयानुसार होणारी झीज, तर चाळिशीतच ६८ टक्क्यांना. म्हणजे तुझ्या वयाच्या लोकांना मशीनमध्ये घातलं तर निम्म्यांना हेच लिहून येईल, आणि ते ऑफिसला जाऊन, नवरात्रात गरबा खेळून घरी येतायत. धोक्याची लक्षणं नसताना पहिल्या दोन दिवसांत केलेला एमआरआय माणसाला आजारी पाडतो, हे मी रोज बघते.

काका: म्हणजे पोराचं दुखणं खोटं आहे का?

ताई: नाही काका, अगदी खरं आहे. पण दुखतंय याचा अर्थ आत काही मोडतंय असा नाही. डिस्क वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, ती जागची निसटत नाही. तिचं बाहेरचं कडं वयानुसार थोडं फुगतं. आतला मऊ गर कडं फाडून बाहेर आला आणि त्याने शीर दाबली तर कळ पायात उतरते. त्यातलेही बरेच जण ऑपरेशनशिवाय बरे होतात, कारण बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं.

आत्या: मग आखाड्यात दाखवू नये का?

ताई: आत्या, निखळलेला खांदा बसवणं वेगळं. इथे बसवण्यासारखं जागचं काही हललेलंच नाही. हलकं मालिश करून बरं वाटत असेल तर जरूर करा. फक्त पहिल्या आठवड्यात कुणालाही कंबरेला हिसका देऊ द्यायचा नाही.

काका: आणि पट्टा?

ताई: काका, जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात पट्टा, वजनं लावून ओढणं आणि अल्ट्रासाउंडचा शेक, तिन्ही नेहमीचे उपचार म्हणून नकोत असं म्हटलंय. माझ्याकडे लोक येतात तेच मुळी ‘मशीन लावा’ म्हणत. मी त्यांना व्यायाम देते तेव्हा काहींना फसवल्यासारखं वाटतं, पण मी देणार तेच. फरशीचंही तसंच. २००३मध्ये स्पेनमध्ये कडक आणि मध्यम कडक गाद्या देऊन बघितल्या, मध्यम कडकवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. तुम्ही बरे झालात याचा मला आनंदच आहे, पण उठून फिरत राहिला असतात तर कदाचित लवकर झाला असतात.

काका: तू शिकलेली आहेस, तू सांगशील ते.

वहिनी: पण ताई, उठवायचं कसं? हात धरून ओढलं तर ओरडतात.

ताई: ओढू नका वहिनी. दादा, झोपल्या झोपल्या दोन्ही गुडघे दुमड. खांदा, कंबर, गुडघे सगळं एकदम, ओंडका लोटल्यासारखं कुशीवर वळव. मधून पिळायचं नाही. मग पोटऱ्या पलंगाच्या कडेवरून खाली सोड आणि त्याच वेळी खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा पंजा गादीवर दाबून अंग वर घे. पाय खाली गेले की त्यांच्या वजनानेच धड वर येतं. कडेला बसून दोन श्वास घे, पाऊल मागे घे, मांडीवर हात टेकून उभा राहा. झोपताना कुशीवर असलास तर गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीवर असलास तर गुडघ्यांखाली. आत्ता करून बघ, मी थांबते.

दादा: उठलो. दुखलं, पण काल रडायला आलं होतं तसं नाही. गॅलरीपर्यंत गेलो.

ताई: शाब्बास. आता जागेपणी दर तासाला गॅलरीपर्यंत जाऊन यायचं. गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून १५-२० मिनिटं. दुखण्याची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, थोडे दिवसच. काका, तुम्ही मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने घेता ना, ते बंद करा. तुम्हाला बीपी आहे. त्या गोळ्यांनी बीपी चढतं आणि पोट, किडनी दोन्हीला त्रास होतो.

वहिनी: आणि जार?

ताई: जार आता पंप लावून खालीच ठेवा, चढवायचाच नाही. पाणी धरून तो २० किलोच्या वर जातो. उचलायचाच झाला तर जवळ जाऊन गुडघ्यांतून बसायचं, पोटाशी धरायचा आणि वळायचं तर पावलं टाकून वळायचं. पण सगळा दोष जारचाही नाही. दादा महिनाभर ऑडिटसाठी रात्री उशिरापर्यंत खुर्चीत बसला होता, झोप नाही, घरी येताना स्कूटरवर खड्डे, डोक्याला ताण. आधीच थकलेल्या कंबरेवर जार हे निमित्त झालं. झोप आणि काळजी यांचा दुखण्याशी फार जवळचा संबंध आहे, लोक तो धरतच नाहीत.

छोटू (पुणे): ताई, माझी पण दुखते. दिवसभर लॅपटॉप.

ताई: तुला सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं असतं आणि हालचाल केली की मोकळं होतं, असं आहे का?

छोटू (पुणे): नाही, संध्याकाळी दुखते. सकाळी ठीक असतो.

ताई: मग दर अर्ध्या तासाने उठ, फोन उभ्याने घे. सकाळचं आखडणं तीन महिने टिकलं असतं तर मी तुला सांधेवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

ताई: दादा, आठवड्याने कमाटीबागेत चालायला सुरुवात कर. आधी १० मिनिटं, मग वाढवत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. २०२४मध्ये ऑस्ट्रेलियात कंबर दुखून बरी झालेल्यांना असं चालायला लावलं. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत मधले दिवस ११२ होते, चालणाऱ्यांचे २०८. बिनपैशाचं यापेक्षा चांगलं औषध माझ्याकडे नाही.

आत्या: मग आईलाही सांगते चालायला. तिची पण पाठ दुखतेय. आईपुढे कोण बोलणार, ती सांगतच नाही.

ताई: आजीची? कधीपासून?

आत्या: गौरी-गणपतीच्या आवराआवरीत मोरीच्या उंबऱ्यावर दाणकन बसली होती. पडली नाही, नुसती बसली. तेव्हापासून पाठीच्या मधोमध, ब्लाउजच्या कडेच्या जरा खाली. आडवी झाली की बरं, उभी राहिली की दुखतं. मी रोज रात्री तेल चोळून देते.

ताई: आत्या, आजपासून चोळणं बंद. आजी दम्यासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घ्यायची ना?

आत्या: पूर्वी बरीच वर्षं. आता पंप आहे.

ताई: तिचे परकर हल्ली लांब होतात का?

आत्या: हो गं! मागच्या महिन्यात दोन परकरांना टीप घालून आखूड केले. कापड सैल पडलं असेल म्हणाली.

ताई: कापड नाही, आजीची उंची कमी झाली असणार. ७८ वर्षांचं वय, स्टिरॉइड, आणि दणक्यानंतर सुरू झालेलं दुखणं. ठिसूळ झालेला मणका नुसत्या बसण्यानेही चेपू शकतो. दादाला ज्या फोटोची गरज नव्हती तो त्याने काढून घेतला, आणि जिला गरज आहे ती तेल लावून बसली आहे. आजच डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढायचा. काका, गाडी तुमची. रिक्षा नको, स्पीडब्रेकर हळू घ्या.

काका: निघालो.

ताई: आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. लघवी-संडासवरचा ताबा गेला, त्या जागेला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर सकाळची वाट बघायची नाही. सयाजी हॉस्पिटल किंवा जवळ असेल तिथल्या इमर्जन्सीत जायचं. ताप, वजन उतरणं, रात्री झोपूनही न थांबणारं दुखणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यात डॉक्टर लवकर गाठायचा, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे. आणि कुशीतून जांघेकडे उतरणारी, एका जागी बसू न देणारी कळ बऱ्याचदा मुतखड्याची असते.

दुसऱ्या दिवशी

आत्या: एक्स-रे झाला. बरगड्यांच्या शेवटच्या मणक्याला, डी-१२ला, पुढून चेप आहे. पायात ताकद चांगली आहे, ऑपरेशन नको म्हणाले. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता, आणि व्हिटॅमिन डी तपासायला सांगितलंय, मग हाडांचं औषध सुरू करणार. ताई, मी इतके दिवस चोळत होते गं.

ताई: तू मायेने चोळत होतीस आत्या, आणि काल तू बोललीस म्हणूनच कळलं. औषध मध्येच सोडू देऊ नकोस, कारण एक मणका चेपला की दुसरा चेपण्याचा धोका वाढतो. तिला पलंगावर खिळवू नका, घरात थोडं थोडं चालू दे. पण पुढे वाकणं आणि जड उचलणं बंद. उठायची पद्धत दादाला सांगितली तीच.

आजी (व्हॉइस नोट, आत्याने टाइप केली): चिमणे, घट मीच बसवणार. दरवर्षी बसवते.

ताई: बसव ना आजी. फक्त पाटावर नको, टेबलावर मांडू. माती आणि कलश आत्या आणून ठेवेल, तू उभ्याने धान्य पेर.

दादा: मी काय करू?

ताई: तू चाल. आणि काका, मोरीत आणि संडासात भिंतीला धरायचे स्टीलचे दांडे लागतील, कंबरेच्या उंचीवर, स्क्रूचे. चिकटवायचे नकोत.

काका: मंगळबाजारच्या बाजूला हार्डवेअरचं दुकान आहे, उद्या घेतो. ड्रिल माझ्याकडे आहे. सकाळी ९ला येतो, तोवर मोरी कोरडी ठेवा.