मदत हवी आहे: दुसऱ्या भाषेतल्या निबंधातला ‘मी’ कसा मोजावा?

विद्यार्थी दुसऱ्या भाषेत शोधनिबंध लिहितात तेव्हा लेखक म्हणून त्यांची ओळख मजकुरात कुठे उमटते, हे तपासायला वर्गीकरणाची चौकट हवी आहे. भाषाशास्त्रज्ञ केन हायलंड यांनी 2005 मध्ये मांडलेले, लेखकाची भूमिका दाखवणारे चार घटक पायाला चांगले आहेत: सावध विधान, ठाम विधान, भावदर्शक शब्द आणि स्वतःचा उल्लेख. गाडी अडते ती शेवटच्यापाशी.

दर 1000 शब्दांमागे नुसते ‘मी’ मोजले तर फसगत होते. ‘इथे मी तीन मुद्दे मांडतो’ यातला मी फक्त वाट दाखवतो. ‘मी हा निष्कर्ष नाकारतो, कारण नमुना अपुरा आहे’ यातला मी जबाबदारी घेतो. त्यामुळे भूमिका क्रियापदावरून ठरवावी लागते. इंग्रजीतला ‘वी’ तर आणखी त्रासदायक. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे, तिथे दोन्हींना एकच शब्द. एकटा लेखक ‘वी’ लिहितो तेव्हा वाचकाला सोबत घेतो, की त्याच्या आड लपतो?

कर्मणी प्रयोगाचंही तसंच. ‘असे आढळले’ म्हणजे विद्यार्थी बिचकलाच असं नाही. त्या विषयाची ती रीत असू शकते.

दोन जणांनी स्वतंत्र वर्गीकरण करून कोहेनचा कॅपा (दोघांचं वर्गीकरण किती जुळतं ते सांगणारा आकडा) काढायचा आहे. ‘वी’साठी वेगळा ‘संदिग्ध’ गट ठेवावा, की विद्यार्थ्यापुढे त्याचंच वाक्य ठेवून विचारावं? विचारायचं तर लिहिल्यानंतर किती दिवसांत? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया तुमच्या नियमावलीतली एक-दोन उदाहरणं द्यावीत.