फॉक्सप्रोमधला अडतीचा हिशेब विंडोज ११ वर कसा चालवावा?

कळमना_अडत:
नागपूरच्या कळमना बाजारात आमची संत्र्यांची अडत आहे. शेतकऱ्यांची हिशेबपट्टी, हमाली, तोलाई आणि खरेदीदारांची उधारी हे सारे डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरच्या फॉक्सप्रो २.६ (माहितीच्या नोंदी सांभाळणारे जुने सॉफ्टवेअर) मध्ये लिहून घेतलेल्या प्रोग्रामवर चालते. जुना विंडोज ७ चा संगणक आता वरचेवर बंद पडतो, आणि विंडोज ११ च्या नव्या संगणकावर हा प्रोग्राम उघडतच नाही. दोन संगणकांवरून एकाच वेळी नोंदी होतात आणि पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बनप्रतींसह निघते. प्रोग्राम लिहून देणारे गृहस्थ हयात नाहीत. आंबिया बहाराची आवक वाढण्यापूर्वी ही व्यवस्था लावायची आहे, तरी जाणकारांनी मार्ग सुचवावा.

जुनी_फ्लॉपी:
आपल्या प्रोग्राममध्ये दोष नाही. ३२ बिट विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम नावाचा घटक असे. ६४ बिट विंडोजमध्ये तो नाही आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच येते. त्यामुळे 'कंपॅटिबिलिटी'च्या खुणा कितीही बदलल्या तरी उपयोग होणार नाही.

बहुतेक लोक डॉसबॉक्स हा नव्या संगणकावर डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम सुचवतील, परंतु तो मुळात खेळांसाठी बनवलेला आहे आणि त्यावर धंद्याचा हिशेब सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन संगणकांवरून एकच नोंद उघडली गेल्यास ती एकाकडे राखून ठेवणारे रेकॉर्ड लॉकिंग आपल्याला अत्यावश्यक आहे. ते नीट झाले नाही, तर एकाने भरलेली उधारी दुसऱ्याच्या नोंदीखाली पुसली जाईल आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून प्रथम व्हीडॉस वापरून पाहावा, कारण तो अक्षरी पडद्याच्या व्यावसायिक प्रोग्रामांसाठीच लिहिलेला आहे. मात्र खऱ्या खात्यावर हात घालण्याआधी संपूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी, आणि त्या प्रतीतील एकच खाते दोन्ही संगणकांवर उघडून दुरुस्त करून पाहावे. दुसऱ्याला अडवले गेले, तरच पुढे जावे.

इतवारी_किराणा:
छपाईबद्दल माझा अनुभव सांगतो. प्रोग्रामने प्रिंटरऐवजी फाइलमध्ये छापावे अशी सोय असल्यास, किंवा डॉसबॉक्स-एक्समध्ये (डॉसबॉक्सची वाढवलेली आवृत्ती) पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या जोडणीवर, जाणारा मजकूर फाइलमध्ये घेतल्यास, ती फाइल 'कॉपी' आज्ञेला '/बी' जोडून विंडोजमध्ये शेअर केलेल्या प्रिंटरकडे पाठवता येते. अशाने बारीक अक्षर, ठळक अक्षर आणि पान सोडण्याचे संकेत जसेच्या तसे पोहोचतात, म्हणून छापील पट्टीवरचे रकाने सरकत नाहीत. प्रोग्रामला कुलूप म्हणून पॅरलल पोर्टात डोंगल लावलेले असेल, तर यूएसबीवरून पॅरलल पोर्ट देणारी तार घेऊन पैसे वाया घालवू नका. ती तार प्रिंटरपुरतीच असते.

कळमना_अडत:
डोंगल नाही, ही सुदैवाची गोष्ट. पण शेतकऱ्यांची नावे मराठीत दिसावीत म्हणून जुन्या संगणकात जिस्ट कार्ड बसवलेले आहे. त्याचे काय होईल?

जुनी_फ्लॉपी:
हाच खरा कठीण भाग आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड देवनागरी अक्षरे स्वतः पडद्यावर काढत असे आणि ते काम व्हीडॉस करू शकत नाही, त्यामुळे रकमा व तारखा नीट दिसतील, पण नावांच्या जागी चौकटीच्या रेघा आणि परकी अक्षरे उमटतील. त्याने घाबरू नये, कारण माहिती शाबूत असते. ती इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात साठवलेली असल्यास प्रत्येक संकेताचे आजच्या युनिकोडमध्ये रूपांतर करणारा छोटा प्रोग्राम कुणीही जाणकार लिहून देईल. फॉक्सप्रोच्या नोंदी असलेल्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिस कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्येही उघडतात, तेव्हा आधी नावांची फाइल तिथे उघडून पाहावी, मात्र तिथून मूळ फाइल पुन्हा जतन करू नये. तोवर प्रत्येक शेतकऱ्याला खातेक्रमांक देऊन इंग्रजी अक्षरांत नावाचा वेगळा रकाना भरून घ्यावा, म्हणजे हंगामात पट्टी अडणार नाही.