ऊन असेल तरच नीट खेळता येणारा गेम, बोकताई कोणी खेळलंय का?

गच्चीवरचा_गेमर

मंडळी, मामेभाऊ न्यू जर्सीत घर बदलतोय, त्याने लहानपणीचा सगळा पसारा एका खोक्यात भरून मामीबरोबर पाठवून दिला. त्यात गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा जुना कन्सोल) निघाला आणि सोबत गेमची चार-पाच कार्ट्रिज. त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा लांब आहे, कन्सोलमध्ये पूर्ण आत जातच नाही, एक तुकडा बाहेर राहतो. आधी वाटलं डुप्लिकेट माल आहे की काय. मग कळलं हा बोकताई, कोनामीचा २००३ चा गेम, प्रोड्युसर चक्क हिदेओ कोजिमा म्हणजे मेटल गिअर या लपतछपत खेळायच्या गेमवाला, आणि तो बाहेर राहिलेला तुकडा म्हणजे उन्हाचा सेन्सर. खरंखुरं ऊन. तुम्ही उन्हात बसलात की गेममधला मीटर चढतो आणि हिरोची बंदूक चार्ज होते, सावलीत गेलात की मीटर खाली.

हिरोचं नाव जॅंगो, व्हॅम्पायर मारणारा पोरगा, गळ्यात लाल स्कार्फ. सोबत ओतेन्को म्हणून सूर्यफुलासारखं एक बोलणारं प्रकरण आहे ते सारखं सल्ले देतं. सुरुवातीलाच तारीख आणि वेळ विचारतात, म्हणजे बाहेर रात्र तर गेममध्ये पण रात्र.

आतापर्यंतचं मत सांगतो. मला वाटलं होतं धडाधड गोळ्या झाडायच्या असतील, तर तसं अजिबात नाहीये, भिंतीला चिकटून चालायचं, भिंतीवर टकटक करून शत्रूला दुसरीकडे वळवायचं, मागून जाऊन मारायचं. मेटल गिअरच आहे, फक्त वरून ममी आणि झॉम्बी. आरपीजी (पात्र हळूहळू ताकदवान करत न्यायचा प्रकार) म्हणावं तर लेव्हल वाढवत बसायचा प्रकार जवळजवळ नाही, बंदुकीच्या लेन्स आणि फ्रेम बदलायच्या, तीच काय ती वाढ. आणि एक गोष्ट फार आवडली, काही खोल्यांच्या छताला झरोके आहेत, बाहेर खरं ऊन असेल तर त्यातून गेममध्ये पण कवडसा पडतो आणि झॉम्बी त्यात आला की जळायला लागतो. मी गच्चीवर होतो, मध्येच ढग आला, आणि खोलीतला कवडसा विझला. मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो.

आता अडचण. आमच्याकडे ठाण्यात जून सुरू झालाय, घर पहिल्या मजल्यावर, समोर टॉवर, गॅलरीत ऊन येतं ते सकाळी थोडा वेळ. ट्यूबलाइटखाली धरून बघितलं, मीटर हलत नाही. मग पुढचे तीन महिने हा गेम कपाटात ठेवायचा का? आणि कोणी पूर्ण केलाय का, नुसती सेन्सरची गंमत आहे की पुढे दम आहे?

भाकरवडी_२.०

इम्युलेटरवर खेळ, म्हणजे कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर. एमजीबीए नावाच्या इम्युलेटरमध्ये ऊन कमीजास्त करायची सोय आहे, खोलीत पंख्याखाली बसून भर दुपार करता येते. उगाच कन्सोल घेऊन गच्चीवर डोकं तापवण्यात काय अर्थ आहे.

खानदेशी_तडका

भाऊ इम्युलेटरवर नको खेळू. मी तिकडेच आधी खेळलो होतो. ऊन फुल्ल ठेवलं की बंदूक कायम भरलेली, मग लपाछपी करायची गरजच राहत नाही, जो दिसेल त्याला उडव. मग तो एक साधा, जरा रटाळ गेम उरतो. सगळी मजा या टंचाईत आहे ना, आता ऊन आहे तर साठवून घे, संध्याकाळी पुरवून वापर. गेममध्ये सोलर बँक पण आहे, जादा ऊर्जा तिथे टाकायची, वर व्याज मिळतं.

बाकी आमच्या जळगावात उलटी बोंब. मे महिन्यात उन्हाला तोटा नाही पण दुपारी बाराला कन्सोल हातात धरवत नाही. आई खालून ओरडते, अरे मेल्या उन्हात काय करतोस, डोकं धरेल. तिला काय सांगणार की व्हॅम्पायर जाळतोय म्हणून. मी सकाळी आठ-नऊच्या सुमारास खेळायचो, झाडाखाली बसायचं आणि फक्त हात उन्हात काढायचे. डोक्याला सावली, सेन्सरला ऊन.

तिरपी_किरणं

वरच्या प्रतिसादात सकाळचा मुद्दा आलाय तो नुसता उकाड्यापुरता नाहीये. एसपीमध्ये कार्ट्रिज खालच्या कडेला, म्हणजे खेळणाऱ्याच्या पोटाकडे तोंड करून बसतं. त्यामुळे सूर्य तुमच्या समोर असेल आणि तुम्ही कन्सोल नेहमीसारखा धरला असेल तर सेन्सर स्वतःच्याच सावलीत जातो. सूर्याकडे पाठ केली तर सगळी सावली तुमचीच. बाजूने तिरपं ऊन येईल असं बसायचं, ते सकाळी किंवा चारनंतर जमतं. मेच्या मध्यावर मुंबई-पुण्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर, म्हणजे वाटतं की सगळ्यात जास्त चार्ज होईल, पण ऊन वरून आणि सेन्सर कडेला, कन्सोल उभा करावा लागतो आणि मग स्क्रीन बघणार कसा? जुन्या आडव्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्समध्ये कार्ट्रिज वरच्या कडेला असतं, तिथे हे गणित उलटं. आणि त्या मॉडेलच्या स्क्रीनला स्वतःचा लाइट नाही, उन्हात ती जास्त छान दिसते, खोलीत काहीच दिसत नाही. या गेमसाठी मला तरी तेच मॉडेल बरं वाटतं.

अवांतर: सूर्याकडे थेट बघू नका, सेन्सर बघेल तेवढं पुरे.

ग्लासगोची_सून

तुम्ही लोक जून-जुलैबद्दल रडताय, मी हा गेम इथे नोव्हेंबरात चालू केला. डिसेंबरात पावणेचारला सूर्यास्त होतो आणि त्याआधीही ढगच. पण ऐका, ढगाळ दिवशी मीटर शून्यावर नसतो, एखाद-दोन रेघा तरी येतात, उघड्यावर मात्र जावं लागतं. मी लंच ब्रेकमध्ये ऑफिसच्या मागच्या पार्किंगमध्ये उभी राहून चार्ज करायचे आणि रात्री घरी ती ऊर्जा वापरून लपतछपत डन्जन (शत्रूंनी भरलेला भुलभुलैया) करायचे. दोन-तीन झॉम्बींना नुसतं चुकवून जाण्यात जी धाकधूक असते ना, ती भरपूर ऊन असणाऱ्यांना कळायचीच नाही. तेव्हा कपाटात ठेवू नका.

फक्त बॉसच्या, म्हणजे डन्जनच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या वेळी सांभाळा. काउंट नावाच्या व्हॅम्पायरला हरवलं म्हणजे झालं असं नाही, त्याला शवपेटीत घालून ती पेटी साखळीने ओढत ओढत अख्ख्या डन्जनमधून बाहेर आणायची. वाटेत कोडी आहेत, पेटी जड, आत तो धडपडत असतो. बाहेर पाइल ड्रायव्हर म्हणून यंत्र आहे, त्यावर पेटी ठेवून त्याला उन्हाने जाळायचं, आणि त्यासाठी खरं ऊन लागतंच, साठवलेलं चालत नाही. मी शनिवारी रात्री पेटी बाहेर आणली आणि सूर्यदर्शन झालं पुढच्या गुरुवारी. नवरा रोज विचारायचा, काय गं, गेला का तुझा काउंट?

भाकरवडी_२.०

पाच दिवस थांबायचं? एका बॉससाठी? हे गेम डिझाइन आहे की उपासतापास.

खानदेशी_तडका

@भाकरवडी हो आणि म्हणूनच लक्षात राहिलाय. पुढे निन्टेन्डोच्या डीएस या नंतरच्या कन्सोलवर यांनीच लुनर नाइट्स काढला, त्यात सेन्सर नाही, हवामान गेममध्येच बदलतं. लढाई त्यात जास्त चांगली आहे हे मान्य, पण आज त्याची गोष्ट आठवायची म्हटली तर मला आठवत नाही. याचा प्रत्येक बॉस कुठे बसून जाळला ते सांगू शकतो.

गच्चीवरचा_गेमर

धन्यवाद मंडळी, कपाटात ठेवत नाही. @तिरपी_किरणं पोटाकडे तोंडवाला मुद्दा आज तपासला, बाजूला वळून बसलो तर मीटर सरळ दोन रेघा चढला. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीची किल्ली मागितली, कारण विचारलं तर म्हटलं सोलर हीटर बघायचाय. काउंटच्या महालापर्यंत पोचलोय. बंदुकीची बॅटरी सारखी संपते मात्र. गेममध्ये डार्क लोन म्हणून ऊर्जेचं कर्ज मिळतंय, घेऊ का?

ग्लासगोची_सून

नका घेऊ. वेळेत फेडलं नाही तर राबवून वसूल करतात, आणि पावसाळ्यात तुम्ही फेडणार कुठून?