मध ठीक, पण नेतीचं पाणी उकळा
गावचा मध रोज चाटला की परागकणांची सवय होते आणि ॲलर्जीच्या शिंका कमी होतात, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. मधमाशी आणते ते फुलांचे जड, चिकट पराग. आपल्याला शिंका येतात त्या वाऱ्यावर उडणाऱ्या गवताच्या परागांनी. ते मधात येऊन येऊन किती येणार? घशाला बरा वाटतो, तेवढंच.

मला फरक पडला जलनेतीने, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी घालून दुसरीतून काढण्याने. ऑक्टोबरात सकाळच्या 15-20 शिंका ठरलेल्या, त्या 4-5 वर आल्या. फक्त नळाचं पाणी थेट घेऊ नका. त्यात नेग्लेरिया नावाचा सूक्ष्म अमीबा असला आणि नाकातून मेंदूत गेला तर जिवावर बेततं (क्वचितच होतं, पण होतं). पाणी उकळून कोमट करायचं, अर्ध्या लिटरला छोटा सपाट चमचा मीठ. मीठ विसरलात तर नाक असं झोंबतं की शिंका परवडल्या!