अँजिओ मनगटातून की जांघेतून? बाबा पेटी वाजवतात म्हणून जास्त काळजी

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, जरा घाईचं आहे म्हणून थेट विचारतो. बाबा ७१ वर्षांचे, शुगर आहे, हल्ली पर्वतीच्या पायऱ्या चढताना छातीत भरून यायला लागलं म्हणून स्ट्रेस टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली आणि आता अँजिओग्राफी, गरज पडली तर लगेच स्टेंट असं ठरलंय. डॉक्टर म्हणाले उजव्या मनगटातून करू, दुपारी उठून चहा पितील. पण आमच्या ओळखीतले एक सीनिअर डॉक्टर म्हणतात मी आयुष्यभर जांघेतूनच केलं, मोठी नस, सरळ रस्ता, कशाला हाताच्या भानगडीत पडता. त्यात आत्याने सांगितलं की तिच्या शेजारणीची मनगटातली नाडीच लागत नाही अँजिओ झाल्यापासून. बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात, उजवा हात पट्ट्यांवर, ते ऐकून त्यांनी मनातच घेतलंय की हात जाणार. खरंच हाताला धोका असतो का? आणि दोन्हीत नक्की फरक काय पडतो?

डीएम_शिकतोय
दादा, ब्लॉकेजवरचं काम दोन्हीकडून तेच असतं, तीच वायर तोच बलून तोच स्टेंट. फरक आत शिरायच्या जागेचा. मनगटातली रेडियल आर्टरी दोन-तीन मिलिमीटरचीच, पण कातडीच्या लगेच खाली आणि तिच्यामागे हाड, त्यामुळे दाबली की रक्त थांबतं. जांघेतली फिमोरल मोठी आहे हे तुमचे सीनिअर बरोबरच सांगतायत, पण ती खोल असते आणि तिथून रक्त पोटाच्या मागच्या बाजूला झिरपायला लागलं तर बाहेर काहीच दिसत नाही, बीपी पडल्यावर कळतं. आणि स्टेंटच्या पेशंटला हेपरिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असं रक्त न गोठण्यासाठी सगळं दिलेलं असतं, म्हणजे रक्तस्राव व्हायला सगळी अनुकूल परिस्थिती आपणच केलेली असते.

या विषयाची सुरुवातच तिथून झाली. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलचे डॉ. कांपो यांनी मनगटातून केलेल्या पहिल्या १०० अँजिओग्राफी छापल्या, मग १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉ. किमेनाय यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी, म्हणजे ब्लॉकेज उघडायचं काम, केलं. तेव्हा स्टेंट टाकला की तो बंद पडू नये म्हणून रक्त इतकं पातळ ठेवायचे की जांघेतला रक्तस्राव ही मोठीच डोकेदुखी होती.

मोठा अभ्यास म्हणजे २०११ चा रायव्हल, ७,०२१ रुग्ण. त्यात जांघेत ३ टक्के लोकांना रक्त साकळून मोठी गाठ आली, मनगटात १.२ टक्के. मृत्यू, अटॅक, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव हे सगळं एकत्र मोजलं तर मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले. पुढे २०१५ मध्ये युरोपात मॅट्रिक्स झाला, ८,४०४ रुग्ण, त्यात मनगटाच्या गटात मृत्यू १.६ टक्के आणि जांघेच्या गटात २.२. पण हे दोन्ही अभ्यास अटॅक आलेल्या किंवा येऊ घातलेल्या लोकांवरचे आहेत, बाबांचं तसं नाही, म्हणून मृत्यूचा आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नका. रक्तस्राव कमी हा फायदा त्यांनाही मिळेल.

एक गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते, रायव्हलमध्ये ज्या सेंटरला मनगटातून भरपूर केसेस होत होत्या तिथे फायदा जास्त दिसला. म्हणजे हात डॉक्टरांचा बसलेला हवा. त्यामुळे डॉक्टरांना सरळ विचारा की तुम्ही बहुतेक केसेस कुठून करता, यात अपमान वगैरे काही नाही, चांगला डॉक्टर शांतपणे सांगतो.

आणि उजव्या हाताचीच काळजी असेल तर डाव्या मनगटातूनही करतात, तेही विचारा.

कॅथलॅब_सिस्टर
आत्याबाईंनी सांगितलं ते खोटं नाही हो, नाडी बंद पडू शकते. पण हाताला दुसरी नस असते, करंगळीच्या बाजूची अल्नर, आणि तळहातात दोघी एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून बहुतेक पेशंटला काही जाणवतसुद्धा नाही, बोटं गरम असतात, काम चालू असतं. ती बंद पडू नये म्हणून आमचं काम खरं शीथ, म्हणजे नसेत घातलेली नळी, काढल्यावर सुरू होतं. आम्ही मनगटाला हवा भरायचा पट्टा बांधतो, पूर्वी खूप घट्ट बांधायचे, आता रक्त थांबेल पण नाडी चालू राहील एवढीच हवा ठेवायची. २००८ मध्ये डॉ. पंचोली यांचा याच्यावर अभ्यास आला होता, नुसत्या या काळजीने २४ तासांनी नस बंद सापडण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. औषध नाही, मशीन नाही, फक्त पट्टा किती आवळायचा हे कळलं पाहिजे! नातेवाईकांनी एवढंच करा, बोटं निळी पडली, मुंग्या आल्या किंवा पट्ट्याखाली फुगलं तर लगेच हाक मारा, सिस्टर बिझी आहेत म्हणून थांबू नका. पट्ट्याची हवा स्वतः सोडू नका.

आत जाताना कधीकधी नस आकसते, हात ठणकतो, तेव्हा बाबांनी सहन करत पडून राहू नये, सांगावं, औषध देता येतं. नंतर काही दिवस जड उचलायचं नाही, दुचाकीला किक नाही. पेटी कधी घ्यायची ते डॉक्टर मनगट बघून सांगतील. जांघेतून केलं तर कित्येक तास पाय सरळ ठेवून पडायचं, आणि या वयात प्रोस्टेट असेल तर पडल्या पडल्या लघवी होत नाही म्हणून केवढे हाल होतात ते रोज बघते मी.

सिंहगडरोडकर
खूप आभार दोघांचे, बाबांना वाचून दाखवलं, आत्याचा फोनही झाला 🙏 मग आम्ही डावा हातच सांगतो डॉक्टरांना. एक राहिलं, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.९ आहे, शुगरमुळे किडनीवर थोडा परिणाम झालाय म्हणाले होते, त्याचा याच्याशी काही संबंध येतो का?

माईची_लेक
येतो, आणि कृपया डावा हात पक्का करायच्या आधी हे वाचा. माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. डायलिसिससाठी हातात फिस्तुला करतात, म्हणजे मनगटाजवळची हीच रेडियल आर्टरी शेजारच्या शिरेला जोडतात, आणि शक्यतो ज्या हाताने काम कमी करतो त्या हाताला, म्हणजे उजवखोऱ्या माणसाला डाव्या. आईची डावी नस आधीच खराब झाली होती म्हणून फिस्तुला कोपराजवळ करावा लागला. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. तुमच्या बाबांना डायलिसिस लागेलच असं अजिबात नाही, लागूच नये, पण हात वाचवून ठेवायचा तर तो आत्ताच. डाव्या हातातून रक्त काढणं, सलाईन लावणं हेही टाळायला सांगतात.

डीएम_शिकतोय
ताईंचं शंभर टक्के बरोबर, क्रिएटिनिन कळल्यावर चित्र बदललं. आता नुसती पेटी की आराम एवढाच प्रश्न नाही, कार्डिओलॉजिस्ट आणि नेफ्रोलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) दोघांनी मिळून ठरवायला हवं. फिस्तुलाची शक्यता लांबची असेल तर डावा हात राखून उजव्या मनगटातून करतील, आणि लवकरच डायलिसिसची वेळ येईल असं वाटलं तर दोन्ही मनगटं सोडून सोनोग्राफी लावून नीट बघत जांघेतून करणं जास्त शहाणपणाचं ठरू शकतं, तेव्हा तुमच्या ओळखीच्या सीनिअर डॉक्टरांचा अनुभव सोन्यासारखा आहे. आम्ही नवीन लोक सगळं मनगटातूनच शिकतोय त्यामुळे जांघेतला हात कमी बसतो, हे आमच्याकडे सगळे जाणून आहेत. आणखी एक जागा आहे, अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथून. किमेनाय यांनीच २०१७ मध्ये डाव्या हाताचा तसा अनुभव छापला. तिथे नस बंद पडली तरी मनगटातला प्रवाह बऱ्याचदा टिकतो, पण नस बारीक असते, सराव लागतो, सगळीकडे करत नाहीत.

आणि जागा कुठलीही असो, नसा दिसाव्यात म्हणून सोडतात तो डाय, जो किडनीला त्रास देऊ शकतो, आत जाणारच. तो कमीत कमी वापरणार का, आधी सलाईन देणार का, हे विचारा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी चालू असेल तर कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची तेही लिहून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

सिंहगडरोडकर
मेटफॉर्मिन चालू आहे, कोणी विचारलंच नव्हतं. उद्या सकाळी किडनीच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, त्यांना भेटूनच कार्डिओलॉजिस्टकडे जातो. ताई, आईंची तब्येत आता कशी आहे?

माईची_लेक
बरी आहे, आठवड्यातून तीनदा जावं लागतं पण कोपराचा फिस्तुला छान चालतोय. नेफ्रोलॉजिस्टकडे जाताना जुने क्रिएटिनिनचे सगळे रिपोर्ट न्या, एकट्या १.९ वरून त्यांना काही सांगता येत नाही, किती वेगाने वाढतंय ते बघतात.